ई ड्राइव्हमधली मैत्रेयी

संघर्षनं नव्या कॉम्प्युटरच्या ई ड्राइव्हचं आधीचं नाव पुसलं, तिथं 'मैत्रेयी' असं टाइप केलं आणि मागं वळून बायकोकडं पाहिलं. जुन्या हार्ड डिस्कच्या वायरचा गुंता सोडवत बसलेल्या मैत्रेयीनं स्क्रीन वाचली आणि भुवया उंचावल्या.

"पाहून काय राह्यली? सातबाऱ्यावर नाई चढलं तुहं नाव, इथं तरी चढू दे."

तिनं ओठ मुरडले आणि पुन्हा वायरीत डोकं घातलं.

पुसदच्या बाजारात त्यांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. ऑटोवर भोंगा बांधून ज्या जाहिराती गावोगाव फिरतात, त्या इथं तयार व्हायच्या, आणि आवाज कायम मैत्रेयीचा. 'बंधू-भगिनींनो, इकडे लक्ष द्या' असं तिनं म्हटलं की चहा पिणारा माणूस कप खाली ठेवून ऐकायचा. साड्यांचा सेल, दातांचं शिबिर, कोणाची म्हैस हरवली, कोणाची सापडली, सगळं तिच्याच तोंडून. मागच्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ती नुसते ओठ हलवून बोलायची, आणि नवऱ्याच्या टाळक्यात शिरलं नाही की मोबाइलवर लिहून दाखवायची. बहुतेक वेळा शिरायचं नाहीच.

संघर्ष टापटिपीचा माणूस. नव्या कॉम्प्युटरमध्ये त्यानं सी ड्राइव्हवर फक्त प्रोग्रॅम ठेवले. डीवर शहनाई, ढोल, सेलचं संगीत. ईवर बायको. तिच्या आवाजात तयार झालेली एकेक जाहिरात जुन्या डिस्कवरून उचलून त्यानं वर्षावार लावून ठेवली. कारण नव्या कॉम्प्युटरवर त्यानं एक प्रोग्रॅम आणला होता. एखाद्याचा आवाज त्याला भरपूर ऐकवला की तो त्याच आवाजात बोलायला शिकतो, म्हणे. मैत्रेयीनं टाइप करायचं, कॉम्प्युटरनं बोलायचं.

जाहिरातींसाठी नाही हो. जाहिराती गेल्या खड्ड्यात. त्याला घरात तिचा आवाज हवा होता. वर्षभर घर इतकं गप्प होतं की फ्रिज चालू झाला तरी तो दचकायचा. आणि ही गोष्ट तिला सांगायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून दुकानाच्या नावाखाली सगळा खटाटोप.

सकाळभर प्रोग्रॅम शिकत बसला. शिकून झाला तेव्हा संघर्षनं कीबोर्ड बायकोपुढं सरकवला.

"बोल आता. मनात येईल थे बोल."

मैत्रेयीनं जरा विचार केला आणि लिहिलं, 'अजी, जेवून घ्या न, किती डाव सांगू?' मग तिनं बटण दाबलं.

आवाज आला. तिचाच, हुबेहूब. पण 'जेवून घ्या' याला असा काही सूर लागला होता की जेवण फक्त येत्या रविवारपर्यंतच मिळणार आहे. 'अजी' म्हणताना तर तो अडखळलाच, आणि 'डाव' असा म्हणाला की पत्ते पिसायला घ्यावेत.

मैत्रेयी पोट धरून हसली. आवाज न करता, पण डोळ्यांत पाणी येईस्तोवर. संघर्षला मात्र हसू आलं नाही.

"हे तू नाई," तो म्हणाला. "हे तं जाहिरातीतली बाई हाय."

तिनं मोबाइल उचलला, भराभर लिहिलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. 'मंग तुमी तिलेच तं देल्लं त्याच्यात. मले कुठी देल्लं?'

खरंच होतं. माइकसमोर ती 'मला' आणि 'आहे' म्हणायची. माइक बंद झाला की 'मले' आणि 'हाय'. आणि मधल्या वेळातलं तिचं खोकणं, चुकल्यावर जीभ चावून 'अवं माय' म्हणणं, त्याच्यावर डाफरणं, ते सगळं त्यानं स्वतः नीट ऐकून, मोजून मापून कापून टाकलं होतं. स्वच्छ आवाज देणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. सगळ्या तालुक्याची मैत्रेयी ईवर होती. घरातली नव्हती.

"कचरा म्हणून फेकलं म्या," तो म्हणाला आणि कपाळ धरून बसला.

ठसका लागल्यावर मारतात तशी मैत्रेयीनं त्याच्या पाठीत एक थाप मारली. मग गुंता सुटलेली वायर तिनं कॉम्प्युटरला जोडली आणि जुनी डिस्क पुन्हा उघडली.

"काही नाई त्याच्यात. मीच साफ केली हाय न."

तिनं ऐकलं नाही. एकेक फोल्डर उघडत, बंद करत ती खाली खाली जात राहिली. शेवटी एका फाइलवर थांबली. बियाण्याच्या एका दुकानदारानं ऐनवेळी रद्द केलेली जाहिरात. पुढं काम झालंच नाही, त्यामुळे कापायचीही राहून गेली होती. तिनं ती लावली.

"शेतकरी बांधवांनो, पेरणीपूर्वी एकदा अवश्य भेट द्या..." आणि मग एकदम आवाज बदलला. "अजी! थो पंखा बंद करा न! कवाचा घरघर करून राह्यला. माणसानं बोलावं तरी कसं?"

संघर्ष उठला. सरळ भिंतीपाशी गेला आणि त्यानं बटण दाबलं. डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला, तरी याचा हात बटणावरच.

त्यानं वळून पाहिलं. मैत्रेयीचे खांदे गदगदत होते. या वेळी ती हसत होती की रडत होती ते त्याला कळेना, कारण त्यालाही समोरचं नीट दिसत नव्हतं.

"हे देऊ का त्याले?" नाक पुसत त्यानं विचारलं. "एवढं तरी शिकंल."

तिनं जोरात मान हलवली. नाही म्हणजे नाही. माउस हातात घेऊन तिनं ती फाइल ओढली आणि डेस्कटॉपच्या अगदी मधोमध ठेवून दिली. डेस्कटॉपवर एकही फाइल पडलेली त्याला खपत नसे. पण ही त्यानं तिथंच राहू दिली. त्यानं ती पुन्हा लावली. मग आणखी एकदा.

मे महिन्यातली पुसदची दुपार. बंद खोलीत दोघंही घामाघूम झाले. मैत्रेयीनं ओढणीनं मान पुसली, त्याच्याकडं पाहिलं आणि नुसते ओठ हलवले. मोबाइल तिच्या हातातही नव्हता.

"घडीत बंद करा म्हणते, घडीत लावा म्हणते," बटणाकडं जाता जाता संघर्ष कुरकुरला. "तुहं काही खरं नाई वं."