माघारीचे शिंग

मित्रांनो, मी एक जुने शिंग आहे. माघारीचे शिंग. एक म्हातारा ड्रॅगन मेला, तेव्हा त्याच्या कपाळावरून मला काढले, वाळूने घासले, चांदीची कड चढवली आणि सम्राटाच्या सैन्यात धाडले.

केवढे ते सैन्य! आभाळात ड्रॅगनदळ, खाली तट फोडणारे राक्षस, आणि भालाईतांच्या रांगाच रांगा. चढाईचे शिंग रोज घुमे. मी मात्र पिशवीत. "आपलं सैन्य मागे फिरत नाही," सेनापती म्हणत. त्यामुळे सरावातसुद्धा मला वाजवायची बंदी. मिरवणुकीत मात्र माझी चकाकी पाहून लोक वाहवा करत.

मला सांभाळणारा शिंगवाला मोठा मायाळू. त्याचा धाकटा भाऊ पहिल्या रांगेतला भालाईत. तो येऊन चिडवायचा, "दादा, घासून घासून झिजवशील त्याला! वाजतं तरी का ते?"

"न वाजो बाबा. तू धडधाकट घरी चल म्हणजे झालं. आईला शब्द दिलाय मी."

मग ती खिंडीतली लढाई आली. पहिली रांग आत शिरली आणि टेकडीवरून शिंगवाल्याला दिसले, वरचा कडा हलतोय! शत्रूने तो आतून पोखरला होता.

"खबरदार वाजवशील तर!" सेनापती गरजले. त्याने ऐकले नाही. छातीतला सगळा श्वास त्याने माझ्यात ओतला.

मी वाजले, मित्रांनो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

रांग थबकली. माझा आवाज त्यांच्यापैकी कुणीच कधी ऐकला नव्हता.

"नवं शिंग! सम्राट आले वाटतं! चला रे, पुढे!" खिंडीतून आरोळी आली.

धाकटा सगळ्यांच्या पुढे धावला. दादा जितक्या जोराने फुंके, तितक्या जोराने ते पळत. मग कडा कोसळला.

सेनापतींनी मला अपशकुनी म्हणून फेकले. शिंगवाल्याने उचलून घरी आणले, पण पुन्हा ओठ लावला नाही. आता त्याची आई मला वाजवते. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना बजावते, "हे वाजलं की खेळ टाकून घरी यायचं, कळलं का रे भामट्यांनो?"

मित्रांनो, वस्तू नुसती पुसून ठेवली म्हणजे जपली असे होत नाही. पुढे जायला सगळेच शिकवतात. परत बोलावणारा आवाजही लेकरांच्या कानांवर पडू द्या, सुखाच्या दिवसांतच.

मी वाजते. पोरे आपापल्या दारांकडे पळतात. गल्ली रिकामी होते, तरी ती माउली जरा वेळ दार लावत नाही.