नीस्पेरो गल्लीत वळलेला वेल

औषधांचं दुकान चालवणाऱ्या दॉन आन्सेल्मोला 'नाही' म्हणायला फार आवडे. खोकल्याचं औषध मागितलं तरी आधी 'नाही' म्हणायचं आणि मग फळीवरून बाटली काढायची, असा त्याचा रिवाज होता. त्यामुळे त्या दिवशी तो 'नाही' म्हणाला तेव्हा फेला तशीच उभी राहिली, आता बाटली काढेल म्हणून वाट बघत.

पण या वेळी फळीकडे हात गेलाच नाही. "दोन्या फेला, पवित्र शुक्रवारची पालखी यंदा तुमच्या गल्लीत येणार नाही. मंडळाचं ठरलंय. मोठ्या रस्त्याने सरळ शाळेच्या भिंतीकडे."

"आजवर येत होती की."

"येत होती, आणि गेल्या वर्षी भिंतीला घासून देवदूताचा पंख मोडला. तो चिकटवत कोण बसलं? मी. तुमच्या गल्लीतून बकरी जाताना पोट आत घेते."

"इलारियोची खाट खिडकीशी लावलीय. तो वाट बघतोय."

"एका माणसासाठी सगळं गाव वळवू का?" आन्सेल्मोने चष्मा पुसला. बोलणं संपलं की तो चष्मा पुसत असे.

इलारियो म्हणजे फेलाचा नवरा. येशूच्या पालखीचा पुढचा डावा खांदा जन्मभर त्याचा. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्याची डावी बाजू उठलीच नाही, ती तशीच राहिली. जीभ मात्र शाबूत होती, आणि दोन्ही बाजूंचं काम ती एकटीच करायची. त्याने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. यंदा एवढंच म्हणाला होता, खाट खिडकीशी सरकव, पालखी बघीन.

फेला घरी आली तेव्हा त्याने विचारलं, "काय म्हणाला आन्सेल्मो?"

"काय म्हणणार? अगदी नाकासमोरून नेतो म्हणाला."

हे तिच्या तोंडून गेलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. खोटं बोलायचं ठरवून ती आली नव्हती. पण इलारियोने मान हलवली आणि उजव्या हाताने पांघरूण नीट केलं, आणि मग ते परत घेता येईना. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. शुक्रवारी खिडकीखालचा रस्ता रिकामा राहील आणि हा माणूस बँडचा आवाज दुसरीकडून जाताना ऐकेल, हे तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

सान गास्पारमध्ये मंडळाचा शब्द मोडायची सोय नाही. महापौराचा मोडता येतो. पण मंडळाच्याही वर एक गोष्ट आहे, ती म्हणजे गालिचा. लोक आपापल्या दारासमोर रंगवलेला भुसा, पाइनच्या सुया, फुलं आणि भाज्या मांडून गालिचे करतात, ते पालखीने तुडवावेत म्हणून. मांडलेला गालिचा तसाच सोडून पालखी पुढे गेली, असं गावात कुणाच्या आजोबांनीही पाहिलेलं नाही. न तुडवलेला गालिचा म्हणजे देवाने ताट बाजूला सारलं. भांडी घासता घासता फेलाला हे आठवलं आणि तिने नळ बंद केला.

पालखी सरळ जायची होती. मग गालिचाच वळला तर?

अडचण एकच होती. मोठा रस्ता आणि गल्ली जिथे मिळतात तो कोपरा शेजारच्या चोनच्या दारातला. कोपऱ्यापुढे शाळेची भिंत, तिथे कुणीच काही मांडत नाही. म्हणजे सगळा खेळ चोनच्या हातात. आणि चोन फेलाशी बोलत नव्हती. चोनच्या परसातला विस्किलाचा वेल भिंत ओलांडून फेलाकडे आला होता आणि फेलाने इकडे लटकलेली विस्किलं उकडून खाल्ली होती. चोन त्याला चोरी म्हणे, फेला त्याला सावलीचं भाडं म्हणे. एका भाजीवरून दोन शहाण्यासुरत्या बायका किती पावसाळे गप्प राहू शकतात, हे पाहायचं तर त्या भिंतीपाशी यावं.

फेलाने बादली उलटी टाकली, तिच्यावर चढली आणि भिंतीवरून डोकं काढलं.

"चोन, आहेस का जिवंत?"

"कोण विचारतंय?"

"चोर."

पलीकडे कपडे आपटायचे थांबले. "चोराला आज काय हवंय? वेल तर आधीच नेलाय."

"तुझा कोपरा हवाय. शुक्रवारपुरता."

फेलाने सगळं सांगितलं. चोन ऐकत राहिली. मग तिने ओला सदरा पिळला, इतका पिळला की शिवण उसवली असेल. "आन्सेल्मोला फसवायचं म्हणतेस."

"फसवायचं कशाला? गालिचा मांडायचा. तो वळला तर वळला."

"माझ्या अटी आहेत," चोन म्हणाली. "गालिच्यावर माझा वेल काढायचा. मूळ माझ्या दारात. तिथून तो वळून तुझ्या खिडकीपर्यंत जाईल, आणि शेंड्यापर्यंत जेवढी विस्किलं मांडू तेवढी सगळी माझी, असं तू सगळ्या गल्लीसमोर बोलायचंस."

"बोलेन."

"आत्ता बोल. सवय होऊ दे."

फेलाने बादलीवर उभ्या उभ्या बोलून दाखवलं. चोनने दोनदा बोलायला लावलं. पण दुसऱ्यांदा ऐकताना तिचा चेहरा सुटला होता आणि तिने भिंतीवरून तीन कोवळी विस्किलं फेलाच्या हातात ठेवली.

मग सगळा उपासाचा काळ नीस्पेरो गल्लीत नुसती लबाडी चालली. चोन रोज चर्चमध्ये जाऊन पालखीपाशी गुडघे टेकायची आणि शालीखाली दोरीने तिची रुंदी मोजायची. पाद्रीबाबांना तिची भक्ती पाहून गहिवरून आलं. दोरी गल्लीत ताणून पाहिली तेव्हा पालखी मावत होती, फक्त फेलाच्या खिडकीचे बाहेर आलेले गज घासत होते. फेलाने ते गज सुतार बोलावून काढून टाकले. इलारियोने विचारलं तर म्हणाली, "गंजले होते." पाइनच्या सुया कशाला आणल्या, परसात फळ्या कापून पानांचे साचे कसले चाललेत, हिरवा रंग नखांत का दिसतो, इलारियो रोज काही ना काही विचारायचा आणि फेला रोज नवं काही ठोकून द्यायची. एकदा तर ती म्हणाली की चोनची भाची लग्न करतेय. चोनला भाची नव्हती.

शुक्रवारी उजाडताच मंडळी कामाला लागली. कोपऱ्यापर्यंतचा गालिचा उघड, बाकीचा परसात तयार. विटांवर फळ्या टाकून त्यांवर पालथं पडायचं, चाळणीतून भुसा सोडायचा आणि साचा अलगद उचलायचा. वरून झारीने पाणी, म्हणजे वारा आला तरी रंग उडत नाही. फळीवर चोन आणि फेला डोक्याला डोकं लावून पडल्या होत्या आणि भांडत होत्या.

"पान असलं असतं होय? हे भोपळ्याचं झालं."

"तुझ्या वेलाला जवळून मी बघितलंय. माझ्याकडे जास्त पानं होती."

गल्लीतल्या प्रत्येकाने आपापल्या परसातलं आणलं होतं. गाजरांच्या मधमाश्या झाल्या, कोबीची पानं झाली, बोगनवेलीच्या पाकळ्यांची कड झाली. एका पानाखाली फेलाने बिटाची गोगलगाय बसवली आणि तिला कांद्याच्या चकत्यांचा चष्मा घातला.

सकाळी दॉन आन्सेल्मो जांभळा झगा घालून रस्ता तपासायला आला. पालखीपुढे घंटी वाजवत उलटं चालायचा मान त्याचा, म्हणून त्याला एकेक दगड माहीत असावा लागे. चोनच्या दाराशी तो थांबला.

"वेल अर्धाच?"

"वाढतोय अजून," चोन म्हणाली.

"आणि गल्लीत या सुया कशाला पसरल्यात?"

"इलारियोला वास यावा म्हणून," फेला म्हणाली. खोट्यातही तिला तेवढं खरं बोलावं लागलं.

आन्सेल्मो जरा घुटमळला. मग त्याची नजर खाली गेली. "ही गोगलगाय ओळखीची वाटते."

"पाकातले चणे घ्या थोडे, दॉन आन्सेल्मो. आत्ताच उतरवलेत."

"नाही," आन्सेल्मो म्हणाला, आणि दोन वाट्या चणे खाऊन गेला.

त्याची पाठ वळली आणि गल्ली धावली. साचे आले, पोती आली, फळ्या आल्या. वेल कोपऱ्यावर वळला आणि गल्लीतून वर चढत चढत निघाला. विस्किलं दोन्ही अंगांना लोंबू लागली. शेवटचा कोंब बरोबर इलारियोच्या खिडकीखाली आला, तेव्हा लांबून ढोल ऐकू येत होते.

पालखी मोठ्या रस्त्याने आली, नेहमीसारखी डोलत. चाळीस खांदे, वर क्रूस घेतलेला येशू आणि मागे बँड. धुपाच्या धुरात आन्सेल्मो घंटी वाजवत, कडेच्या सुयांवरून उलटा चालत होता. चोनच्या दारासमोर पालखीने वेलाच्या मुळावर पाय ठेवला. गोगलगाय गेली. आणि आन्सेल्मोची टाच उघड्या दगडावर वाजली.

तो वळला. समोर शाळेच्या भिंतीपर्यंत नुसता दगड. डावीकडे गल्लीभर हिरवागार वेल. त्याने घंटी वाजवून पालखी थांबवली आणि तो फेलाजवळ आला.

"हे काय आहे, दोन्या फेला?"

"वेल आहे, दॉन आन्सेल्मो. वेलाला का कुणाला विचारून वळायचं असतं?"

"पालखी सरळ जाईल."

"जाऊ दे की. फक्त लोकांना तसं मोठ्याने सांगा."

पुढच्या डाव्या खांद्यावर आता चोनचा मुलगा रिगो होता. घामाने त्याचे डोळे चुरचुरत होते. "दॉन आन्सेल्मो, लवकर सांगा. अर्धा गालिचा तुडवून उरलेला देवासमोर तसाच टाकून जायचं का? मी जाईन, पण मग आईला तुम्ही तोंड द्या."

फुटपाथवरच्या बायका कुजबुजू लागल्या. कुजबुज मागे मागे बँडपर्यंत गेली आणि कर्णेवाल्यांनी माना उंचावून पाहिलं. आन्सेल्मोने आयुष्यभर 'नाही' म्हटलं होतं, पण ते माणसांना. खाली पसरलेल्या विस्किलांना काय म्हणावं ते त्याला सुचेना. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग घंटी डावीकडे वाजवली.

पालखी वळली. चाळीस माणसं इंच इंच पाय सरकवत वेलावर चढली आणि भिंती दोन्ही बाजूंनी इतक्या जवळ आल्या की कडेच्या लोकांनी पोट आत घेतलं. फेला मागच्या दाराने घरात धावली. ती खोलीत शिरली तेव्हा खिडकी पालखीने भरून गेली होती. आता तिथे गज नव्हते. इलारियोने उजवा हात बाहेर काढला आणि पालखीची कड पकडली.

आन्सेल्मोने घंटी वाजवली. पालखी हलेना.

"सोड, इलारियो."

"डावी बाजू खाली जातेय," इलारियो म्हणाला. "रिगो, गुडघा सरळ कर. खांदा दिलायस की उसना आणलायस?"

"इलारियो, चाळीस माणसं वजन घेऊन उभी आहेत."

"मग मी काय निजलोय? मी पण धरलीय."

आन्सेल्मोने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने मागे हात करून बँडला खूण केली आणि घंटी झग्याच्या बाहीत सरकवली. जागच्या जागी एक अख्खी धून झाली. पालखी डावीकडे झुलली, उजवीकडे झुलली आणि खिडकीतला हात तिच्याबरोबर गेला आणि आला. धून संपली तेव्हा इलारियोने आपणहून बोटं सोडवली. पालखी पुढे गेली, मागे तुडवलेला वेल राहिला आणि पोरंटोरं उरलेली गाजरं गोळा करायला धावली.

फेला खाटेपाशी उभी होती. तिला एकदम मोकळं मोकळं वाटत होतं, रडू येत होतं, आणि थोडा गर्वही होता. "बघ," ती म्हणाली. "म्हटलं होतं ना आन्सेल्मोने, नाकासमोरून नेतो म्हणून."

"कधी म्हटलं? तो मला उपासाच्या पहिल्याच आठवड्यात भेटून गेला. तू बाजारात होतीस. पालखी येणार नाही म्हणाला, माफी मागून गेला."

"तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि तू रोज विचारत होतास. सुया कशाला, रंग कसला. मला चोनची भाची जन्माला घालावी लागली."

"तिचं लग्न चांगलं जमवलंस."

"का नाही बोललास, मेल्या? माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता."

इलारियोचा हात अजून खिडकीच्या कठड्यावर होता. "पावसाळ्यापासून तू माझ्याकडे आजाऱ्याकडे बघतात तशी बघत होतीस," तो म्हणाला. "खोटं बोलायला लागलीस आणि पुन्हा नवऱ्याकडे बघतात तशी बघायला लागलीस. मी कशाला मोडता घालू?"

फेला खाटेवर त्याच्या डाव्या अंगाला बसली आणि तिने त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"लागला?"

"नाही."

ती उठली, खाटेला वळसा घालून उजव्या अंगाला आली आणि तिथे काढला, चांगला पीळ देऊन.