ओळखीची कुत्री

तपकिरी कुत्रा धावत आला, थेट नवऱ्याच्या छातीवर पंजे टेकून उभा राहिला आणि माहेरचं माणूस भेटावं तशी शेपटी हलवू लागला.

ती बाळाला सावरत मागे सरकली. आत्ताच कोपऱ्यावर हा म्हणाला होता, "या गल्लीत नको, कुत्री फार आहेत."

"तुला ओळखतो?"

"छे! कुत्र्यांचं काय, कुणाच्याही अंगावर चढतात."

उन्हं उतरली तरी रस्ता तव्यासारखा तापलेला होता. बाळ झाल्यापासून ती पहिल्यांदाच संध्याकाळची बाहेर पडली होती. दिवेलागणीला पोर जे सूर लावायची, ते थांबायचं नाव नाही. आणि याचं ऑफिस नेमकं तेव्हाच लांबायचं. आज सुट्टी, म्हणून तिने हट्टाने त्याला बाहेर काढलं होतं. कुंपणावरून ओसंडणारी बोगनवेल बघायला ती थांबली, तर वेलीखालून आणखी दोन कुत्री उठली आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता याच्या पायांत घोटाळू लागली.

कुंपणाआड एक काकू पाइपाने मोगऱ्याला पाणी घालत होत्या.

"आज सुट्टीच्याही दिवशी?" त्या त्याला म्हणाल्या. मग त्यांना ती दिसली. "अगंबाई, मंडळीसुद्धा! बरं झालं. रोज ऑफिस सुटलं की एकटेच या पायरीवर येऊन बसतात गं. मला वाटायचं, घरी कुणी वाट बघणारं नाही की काय या माणसाला!"

काकू हसल्या. तो हसला नाही.

"किती वेळ बसायचास?" तिने विचारलं.

"अर्धा-पाऊण तास... फार तर." तो कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिला. "त्या रडण्यात शिरायचा धीरच होत नाही गं."

"माझा होतो का, विचारलंस कधी?"

काकूंनी मान खाली घातली. पाणी कुंडीबाहेर सांडत राहिलं.

तिची नजर त्याच्या हातावर होती. घरी लेकीला उसनं काचेचं भांडं धरावं तसा धरणारा तो हात कुत्र्याच्या मानेवर किती सैल, किती सरावलेला होता! तेवढ्यात पोरीने ओठ काढले आणि भोकाड पसरलं.

"धर हिला."

"अगं, भूक लागली असेल..."

"निघताना पाजलंय. नुसती रडतेय. रडू दे तुझ्या खांद्यावर."

"आणि तू कुठे निघालीस?"

"ऑफिसला."

ती चालू लागली. मागून रडणं टिपेला पोचलं, तसं तिचं दूध दाटून आलं आणि कुर्ता भिजला. तिने ओढणी पुढे ओढली, पण मान वळवली नाही.

पुढच्या वळणावर, कण्हेरीच्या झाडाखालून एक काळा कुत्रा केस ताठ करून उठला आणि तिच्यावर भुंकू लागला. ती जागची हलली नाही.

"भुंक मेल्या, भुंक," ती म्हणाली. "उद्याही येणार आहे मी."