गुडघ्याच्या खाली

आईच्या घरातला अलार्म मांजरीमुळे ऊठसूट कोकलायचा. एकटी असल्यामुळे ती तो दिवसाही चालू ठेवायची, स्वतः हॉलमध्ये जाताना तेवढा बंद करायची, आणि शेजाऱ्यांनी तिला भंडावून सोडलं होतं. लेकाचा धंदाच अलार्म बसवण्याचा. त्याची तर लाजच निघाली. वैतागून त्याने हॉलमधला सेन्सर असा लावून दिला, की गुडघ्याच्या खाली काहीही हललं तरी तो वाजणार नाही.

"मला काही झालं तर वाजेल ना रे?" आईने विचारलं.

"तू नुसती त्याच्यासमोर जा. अख्खी गल्ली गोळा होईल."

पुढे एका दुपारी ती फोन उचलेना, म्हणून तो धावत आला. कुलूप उघडून त्याने आत पाऊल टाकलं मात्र, अलार्मने बोंब ठोकली.

स्वयंपाकघरात दूध सांडलं होतं. तिथून हॉलपर्यंत फरशीवर फरफटल्याचा पट्टा वाळला होता. आई दाराकडे गेलीच नव्हती. सेन्सरसमोर पालथी पडली होती, गार, एक हात त्याच्याकडे लांबवून.

बाहेर कुणीतरी धाडकन खिडकी लावून घेतली.

"ती मेली मांजर! पुन्हा सुरू झालं हिचं!"