काढलेला पार्ट

मिस्त्री मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गेले. ते असू दे. सोमवारी सकाळी मिस्त्री खाटेवर टेकून बसले होते आणि सिस्टरशी हुज्जत घालत होते.

"माझा काढलेला पार्ट कुठाय?"

"फुप्फुसाला पार्ट म्हणतात होय, मिस्त्री? लॅबमध्ये आहे, बरणीत."

तीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त करताना मिस्त्रींनी एक नेम पाळला होता. नवा पार्ट बसवला की जुना फडक्यात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. इथं तर नवा काही बसवलाच नव्हता. उजव्या फुप्फुसाचा खालचा तुकडा गाठीसकट नुसता काढून घेतला होता. जखम भरत आली, घरी सोडायचं ठरलं, आणि सहाव्या दिवशी ताप भरला. करोना. मिस्त्रींची रवानगी कोपऱ्यातल्या खोलीत. बायको काचेपलीकडे, फोन कानाला लावून.

"अहो, एक मिनिट आत येऊ का? नुसता हात लावते."

"नाही येऊ देत गं. उरलेल्यात शिरलाय तो."

एवढं बोलून मिस्त्रींना खोकल्याची जी उबळ आली, ती मिनिटभर थांबेना.

थोड्या वेळानं लॅबवाला जिना चढून धापा टाकत आला आणि बायकोशेजारी उभा राहिला.

"मिस्त्री आत्ता खोकले का?"

"हो. का?"

"बरणीचं झाकण उडालं."

बायकोनं त्याला खालीवर न्याहाळलं. "सकाळी सकाळी घेऊन आलायत का?"

"आईशप्पथ, वहिनी. झाकण परत लावलंय. पण आतून वाफ धरते, जाते, धरते. मिनिटाला सोळा वेळा. मी मोजलं."

आत मिस्त्रींच्या उशाशी पडद्यावर श्वासांचा आकडा होता चौतीस. फोन चालूच होता, त्यांनी सगळं ऐकलं.

"सोळा? म्हणजे चालू पार्ट काढला की यांनी!" मिस्त्री हसले. हसता हसता ओठ निळे झाले.

बायकोनं काचेवर तळहात टेकला. मग हळूच लॅबवाल्याला विचारलं, "त्याला नाही ना झाला करोना?"

"त्याला कसा होईल? आधीच काढलेला. गाठ सोडली तर ठणठणीत आहे."

बुधवारी सकाळी बायकोनं कार्यालयाच्या खिडकीत अर्ज दिला. कारकुनानं तो दोनदा वाचला आणि शिक्का शोधायला लागला.

"महोदय, आमच्या ह्यांचा उजवीकडील खालचा भाग आपल्या लॅबमध्ये बरणी क्रमांक एकशे बारामध्ये असून श्वास घेत आहे. सदर भागास संसर्ग नाही. तरी भेटीसाठी रोज चार ते पाच ही वेळ मंजूर व्हावी, व त्या वेळेत झाकण उघडे ठेवण्यात यावे, ही विनंती."