वगळल्याची टिंबं

कोंडीरामांनी पान खिडकीच्या उजेडात धरलं आणि आपल्याच मुलाखतीतली ओळ मोठ्याने वाचली.

“‘ब्याऐंशी साली मी चार साचे चालवत होतो... आता इथला टॉवर फार देखणा झाला आहे.’” ते थांबले. “सुभद्रा, हे मी बोललो?”

“बोललात, काका. दोन्ही बोललात.”

“एका दमात?”

टेप सुभद्रानेच उतरवून काढली होती. साच्यांपासून टॉवरपर्यंत पोचेतो दोनदा चहा झाला होता आणि कोंडीरामांना मधेच उठून तोंड धुवून यावं लागलं होतं.

करी रोडच्या गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिल्यावर बांधणाऱ्यांना इतिहासाची आठवण झाली. एक जुना साचा, म्हणजे कापड विणायचा माग, पॉलिश करून लॉबीत ठेवला गेला. त्याच्या शेजारी ठेवायला कामगारांच्या आठवणींचं गुळगुळीत कागदावरचं पुस्तक हवं होतं. संपादनाला निवृत्त प्राध्यापक शामराव नेमले गेले आणि अक्षरजुळणी सुभद्राकडे आली. शामरावांना वरून एकच सूचना होती: संप नको, बाकी सगळं चालेल. बाकी फारसं काही उरत नव्हतं. पण शामराव कामसू माणूस. त्यांनी पानंच्या पानं उडवली आणि प्रत्येक जागी टिंबं मागितली.

“तीनच,” त्यांनी बजावलं होतं. “सारख्या अंतरावर. ओळीच्या टोकाला तुटता कामा नयेत. टिंबांतून संपादकाचा प्रामाणिकपणा दिसतो.”

सुभद्राच्या कामात चिन्हं एकेक करून टाकायची पद्धत नव्हती. वगळायच्या मजकुराच्या मागेपुढे तिने एक खूण घातली होती आणि त्या खुणेच्या जागी काय छापायचं, ते फाईलच्या डोक्यावर एकाच ओळीत लिहिलं होतं. आतला मजकूर जागच्या जागी होता. कागदावर तेवढा उमटत नव्हता.

“टिंबं म्हणजे माणूस बोलता बोलता थांबला, असंच ना?” कोंडीरामांनी विचारलं. “मी कुठे थांबलो? संपाच्या मोर्च्यात आमच्या गिरणीतल्या चंपाला धरून नेलं, ते सांगत होतो मी. कोर्टात ती काय बोलली, ते.”

“मला माहितेय, काका.”

“मग माझं नाव काढ यातून. टॉवरला देखणा म्हणणारा दुसरा कोणी कोंडीराम शोधा म्हणावं.”

सुभद्राने समजूत घातली नाही. तिने फाईल उघडली आणि डोक्यावरची ती ओळ बदलली: आत जेवढी अक्षरं, बाहेर तेवढी टिंबं.

दुसऱ्या दिवशी शामराव आले तेव्हा कोंडीराम आधीच खुर्ची अडवून बसले होते. टेबलावर त्यांची मुलाखत होती. पहिल्या पानावर साचे, शेवटच्या पानावर टॉवर आणि मधे टिंबंच टिंबं, ओळीमागून ओळ.

“हे काय आहे?”

“टिंबं, सर. अंतर सारखं आहे. टोकाला एकही तुटलेलं नाही.”

“मी तीन सांगितली होती.”

“तीन अक्षरं उडवली असतीत तर तीनच आली असती.”

“हे बघा, सोमवारी छपाईला द्यायचंय. काढा ही सगळी.”

“खूण काढली की आतला मजकूर वर येतो, सर. काढू?”

शामरावांनी बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली. “मग मी काम दुसरीकडे देतो.”

“द्या ना. अख्खी फाईल देते. पण तिथेही कुणाला तरी बसून एकेकाचं बोलणं पुसावं लागेल. तुम्हीच पुसा. मी काही हात लावणार नाही.”

“अहो, पण या टिंबांतून वाचकाला कळणार काय?”

कोंडीरामांनी पान पुढे ओढलं आणि चष्मा नीट केला. “ओळी झकास आखल्यात पोरीने. रेशनच्या फॉर्मवर असतात तशा. सर, पेन द्या जरा.”

शामरावांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि दिलंसुद्धा. माणसाचा जन्म परीक्षांच्या वर्गांत गेला होता; कुणी पेन मागितलं की हात आपसूक खिशाकडे जायचा. काय झालं ते ध्यानात आल्यावर त्यांनी पेन परत घ्यायला हात पुढे केला, तोवर कोंडीरामांची पहिली ओळ टिंबांवरून निम्मी पार झाली होती. अक्षर मोठं होतं, ठासून काढलेलं. शामरावांचा हात तसाच राहिला. मान मात्र हळूहळू कागदाकडे वाकली.

“कोर्टात काय बोलल्या त्या?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच तर उडवलंत,” कोंडीराम मान वर न करता म्हणाले. “थांबा आता. लिहितोय.”

सुभद्राने खुर्ची वळवली आणि उरलेल्या सगळ्या मुलाखती छापायला सोडल्या.

“सर,” ती मागे न बघता म्हणाली, “आणखी पेनं लागतील.”