बोंडू एकवीस दिवस राहायला आला

साखळीहून पणजीला जाणाऱ्या एका खासगी बसवर गोपाळ गवस सत्तावीस वर्षं कंडक्टर होते. मूळचे दोडामार्गचे, लग्नानंतर साखळीत आले आणि इथलेच झाले. दारात उभं राहून ते गावांची नावं अशी पुकारायचे, की डुलक्या घेणारा माणूससुद्धा आपल्या थांब्याला बरोबर उठायचा. मार्चमधल्या एका सकाळी अंघोळीचं पाणी काढताना त्यांच्या हातातला तांब्या निसटला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

हातापायांत हळूहळू बळ आलं. तीन महिन्यांत ते काठी धरून अंगणात फिरू लागले. जिभेवर मात्र एकच शब्द उरला होता: बस. पाणी हवं असलं तरी बस, पंखा बंद करायचा असला तरी बस. समोरच्याचं बोलणं त्यांना सगळं कळायचं, उत्तरही डोक्यात तयार असायचं. तोंडाबाहेर पडेपर्यंत त्याचं बस होऊन जायचं. डॉक्टरांनी सांगितलं, अशा आजारात कधी कधी एखादाच शब्द मागे राहतो. त्यांची बायको लक्ष्मी आवाजाच्या चढउतारावरून अर्थ लावायला शिकली. तिचा अंदाज चुकला की ते चिडायचे, आणि चिडून बोलायला जावं तर पुन्हा तेच. शेवटी त्यांनी तोंड उघडणंच सोडलं. बसचा ड्रायव्हर महेश दोनदा भेटायला आला. दोन्ही वेळा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्यांदा तो आला नाही.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी लक्ष्मी त्यांना डिचोलीतल्या एका केंद्रात न्यायची. तिथं गौरवी नावाची पेडण्याची मुलगी बोलण्याचे उपचार करायची. लक्ष्मी तिला बाय म्हणायची. गौरवी पुढ्यात चित्रं मांडायची, आंबा, छत्री, घर, आणि नावं विचारायची. ज्या माणसानं सत्तावीस वर्षं अर्ध्या तालुक्याशी हुज्जत घातली, त्याला हा बालवाडीचा खेळ अपमान वाटायचा. ते चित्रं उलटी करून ठेवायचे.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी गौरवीबरोबर एक कुत्रा होता. गावठीच, पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. पेडण्याच्या बाजारात ती त्याला पिल्लू असताना उचलून घरी घेऊन आली होती. पुढे दोन वर्षं शिकवून त्याला आजारी माणसांजवळ शांत राहायची सवय लावली होती. त्याचं नाव बोंडू.

बोंडू सरळ गोपाळांसमोर येऊन उभा राहिला. त्यांच्या घरात कधी कुणी कुत्रा पाळला नव्हता, आणि ह्याला बाहेर घेऊन जा असं त्यांना गौरवीला सांगायचं होतं.

"बस," ते करड्या आवाजात म्हणाले.

बोंडू बसला.

गोपाळ त्याच्याकडे बघत राहिले. पाच महिन्यांत त्यांच्या त्या शब्दानं कुणी काही केलं नव्हतं. गौरवीनं हाताची खूण करून कुत्र्याला उठवलं. गोपाळ पुन्हा म्हणाले, या वेळी जरा हळू. तो पुन्हा बसला. असं सात-आठ वेळा झालं असेल. घरी परतताना बसमध्ये लक्ष्मीनं पाहिलं तर नवरा खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसत होता.

नंतरच्या शब्दांना आठवडेच्या आठवडे लागले. कुत्र्याला बोलवायचं तर 'यो' म्हणायला हवं, थांबवायचं तर 'रांव', चालवायचं तर 'चल'. गौरवी मदत करायची नाही. बोंडूही करायचा नाही. तो नुसता तोंडाकडे बघत थांबायचा. माणसं त्यांचं वाक्य त्यांच्याआधी पुरं करून टाकायची. ह्याला कसली घाई नव्हती. त्याचं नाव मात्र गोपाळांना 'बों' एवढंच जमायचं. त्यानं ते चालवून घेतलं.

नोव्हेंबरमध्ये गौरवीला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी बंगळुरूला जायचं होतं. एरवी बोंडू पेडण्याला तिच्या आईकडे राहायचा, पण आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. गौरवीनं लक्ष्मीला न विचारता थेट गोपाळांनाच विचारलं, तुम्ही सांभाळाल का. लक्ष्मी मध्ये पडली. घरात एका माणसाचं करता करता आपला जीव जातो, त्यात आणखी एक कुठं, असं तिनं नीट समजावून सांगितलं. तिचं खोटंही नव्हतं. गोपाळांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला.

"रांव," ते म्हणाले. कुत्र्याला नव्हे, लक्ष्मीकडे बघून.

बोंडू राहिला. त्याचं सगळं गोपाळांनीच करायचं, अशी अट लक्ष्मीनं घातली आणि ती पाळलीही. उकडलेल्या कोंबडीतली हाडं काढून, मांस कुस्करून भातात कालवायचं असायचं. व्यायामाचा चेंडू दाबायला नकार देणारा उजवा हात ह्या कामाला लागला. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला आणि बोंडू तेवढा वेळ ताटलीसमोर बसून होता. सकाळी दोघं वाळवंटी नदीच्या काठापर्यंत जाऊन यायचे. बाजाराचा रस्ता गोपाळ टाळायचे. तिकडं सगळे ओळखीचे.

बाराव्या दिवशी परतताना कोपऱ्यावरच्या नव्या दुकानाचं उद्घाटन चाललं होतं. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. बोंडूनं असा हिसडा दिला की उजव्या मनगटाला गुंडाळलेला पट्टा सुटला, आणि तो बाजाराच्या दिशेनं पळाला.

घर पाच मिनिटांवर होतं. घरी जाऊन लक्ष्मीला पाठवता आलं असतं. पण तिला काय झालं ते सांगणार कसं, आणि तेवढ्या वेळात कुत्रा कुठल्या कुठं गेला असता. ते काठी टेकत बाजारात शिरले. भाजीवाल्यांच्या रांगा पाहिल्या, मासळीबाजाराचं दार पाहिलं. असं करत ते बसस्थानकावर पोचले, जिथं आठ महिन्यांत त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं.

एका बाईला थांबवून त्यांनी विचारायला तोंड उघडलं. निघालं ते बस. तिनं समजुतीनं पणजीची गाडी दाखवली. त्यांनी मान हलवली, तर दुसऱ्या एका गृहस्थानं वाळपईची दाखवली आणि दंड धरून तिकडं न्यायलाही निघाला. हात सोडवून घेत असतानाच महेश त्याच्या गाडीतून उतरला. समोर येऊन उभा राहिला, आणि काय झालं म्हणून विचारू लागला.

परत फिरावं असं गोपाळांना वाटलं. ते फिरले नाहीत. ओठांवर पुन्हा 'ब' आला, तो त्यांनी गिळला. महेश आपल्या परीनं अंदाज करू लागला: पाणी हवं का, चक्कर येते का, वहिनीला फोन लावू का. गोपाळांनी हात वर केला.

"रांव."

महेश थांबला. आजूबाजूची दोन-चार माणसंही थांबली. गोपाळांनी डोळे मिटले.

"कुत्रो," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "पळालो." आणि आणखी थोड्या वेळानं, कारण तेही सांगणं गरजेचं होतं, "माजो नाय. बायचो."

महेशची गाडी सुटायला पाच मिनिटं होती. त्यानं दारात चढून आत बसलेल्यांना विचारलं, कुणी पट्टा लोंबणारा कुत्रा पाहिला का. मागच्या सीटवरच्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं, बेकरीच्या मागं, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीजवळ एक तांबडा कुत्रा थरथरत बसलाय, तो बिस्किटालाही तोंड लावत नाही.

तो बोंडूच होता. सायकल आणि भिंत ह्यांच्यामधल्या फटीत शिरून बसला होता. पोदेरानं बोलवलं, महेशनं बोलवलं. तो आणखीच आत सरकला. गोपाळांनी काठी महेशच्या हातात दिली आणि भिंतीला धरून, एक पाय लांब करून, जमिनीवर बसले. हे त्यांना अजून एकट्याला जमत नव्हतं. त्या दिवशी जमलं.

"बों," ते म्हणाले. "यो."

लगेच नाही आला. गोपाळांनीही घाई केली नाही. मग नाक पुढं आलं, मग पडलेला कान, आणि शेवटी सगळा बोंडू त्यांच्या मांडीवर. महेशची गाडी त्या दिवशी नऊ मिनिटं उशिरा सुटली. रात्री तो घरी चहाला आला, आणि ह्या वेळी गोपाळ पुढच्या खोलीत बसले होते.

गौरवी परतली तेव्हा लक्ष्मीनं ठरवलं होतं की घडलेलं सांगायचं नाही. कुत्रा सुखरूप आहे, उगीच पोरीच्या जिवाला घोर कशाला. तिनं वाटेत गोपाळांनाही तसं बजावलं होतं. पण केंद्रात पोचल्यावर ते खुर्चीत बसले आणि सांगायला लागले. फटाके हा शब्द शेवटपर्यंत आला नाही, तो त्यांनी हातांनी आणि आवाजानं केला. बाजार आला, कुत्रो आला, महेश आला. दहा मिनिटं तरी गेली असतील. गौरवीनं एकही शब्द पुरवला नाही.

"माजी चूक," ते शेवटी म्हणाले.

"चूक माझी, गोपाळकाका," गौरवी म्हणाली. "फटाक्यांना तो पहिल्यापासून घाबरतो. मी सांगून जायला हवं होतं."

ह्यावर गोपाळांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. ते त्यांना पटलं होतं.

पुन्हा दारात उभं राहून गावं पुकारणं त्यांच्याच्यानं होणार नाही, हे आता त्यांना ठाऊक आहे. कधी कधी अजूनही पाण्याऐवजी बस येतं, आणि लक्ष्मी न हसता पाणी आणून देते. पण चाळीसेक शब्द हाताशी आहेत, आणि रविवारी सकाळी ते महेशबरोबर स्थानकावर चहा पितात. नव्या कंडक्टरला ते बोलून काही सांगत नाहीत. तो चुकला की नुसते त्याच्याकडे बघतात.

बोंडूला सोडून आले त्या संध्याकाळी लक्ष्मी बराच वेळ अंगण झाडत होती. मग आत येऊन म्हणाली, घर कसं रिकामं रिकामं वाटतं. उद्या जेवणाक मासळी कसली करू, असंही तिनं सवयीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत निघाली.

"रांव," गोपाळ म्हणाले.

ती दारात थांबली. ते शब्द शोधत होते, आणि त्यांना हवा तेवढा वेळ ती उभी राहिली.

"तिसऱ्यो," ते म्हणाले. मग, "सुक्यो."